उजव्या गालावरचा तीळ

मी रूपरावांचं चित्र बोलतोय. गावात मला सगळे 'फोटू' म्हणतात आणि ते मला मुळीच आवडत नाही. फोटू डोळ्याची पापणी लवायच्या आत निघतो. मला काढायला अख्खा उन्हाळा गेला होता. मी तैलचित्र आहे, कापडावरचं, सागाच्या चौकटीतलं. माझ्यात एक माणूस आहे आणि एक बैल आहे, तेव्हा मी बाप्याच्याच जातीनं बोलणार. राग मानू नका.

माणूस म्हणजे ज्यांनी मला काढलं तेच, रूपराव. अंगात बनियान, खांद्यावर दुपट्टा, गालावर मुगाएवढा तीळ. शेजारी चांद्या, पांढराशुभ्र, गवळाऊ जातीचा बैल, एका शिंगाचं टोक तुटलेला. रूपरावांचा हात त्याच्या मानेवर आहे आणि दोघंही समोर बघताहेत. या तिळापायी आणि या शिंगापायी एका बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसायची वेळ आली. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. आज बोलू द्या.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, हिंगणीच्या अलीकडे. घर कास्तकाराचं. धाकटा भाऊ लक्ष्मणराव शेती बघायचा आणि थोरले रूपराव नागपूरला चित्रकला शिकून परत आले होते. पण खेड्यापाड्यात चित्र हवं असतं कुणाला? ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला. तेरवीच्या आत तसबीर भिंतीवर लागली पाहिजे, तिच्या कपाळाला टिळा, गळ्यात हार. सेलूपासून हिंगणघाटपर्यंत कुणी वारलं की निरोप यायचा, आणि रूपराव रंगांची पेटी घेऊन निघायचे.

जिवंत माणसाचं चित्र काढून घेणं लोकांना अशुभ वाटे. त्यामुळे रूपरावांसमोर बसलेली सगळी माणसं मेलेलीच होती. पण काम अस्सल. हिंगणघाटच्या वच्छलाबाई, सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्याच्या घरच्या, म्हणाल्या होत्या, "यायच्या तोंडावरचे देवीचे वण काढू नका हो, चांगले नाई दिसत." रूपरावांनी वण काढले, एकूण एक काढले. बाई रागानं पाहायला आल्या आणि तसबिरीला कवटाळून रडल्या. "हेच माहे मालक," म्हणाल्या. तेव्हापासून पंचक्रोशीत एक बोलणं रुळलं: रूपरावचं चित्र चुकत नाई. हे बोलणं लक्षात असू द्या. पुढे त्यानंच घात केला.

चांद्या घरच्या जोडीतला. त्याचा जोडीदार साप चावून गेला आणि चांद्या एकटा उरला. एकटा बैल म्हणजे एक पाय गेलेली खाट. ना वखराला, ना बंडीला. तो रूपरावांच्या वाट्याला आला. रूपराव त्याच्या पाठीवर गोधडीत गुंडाळलेल्या चौकटी बांधत आणि दोघं गावोगाव पायी जात. लोक हसायचे. म्हणायचे, "पाहा, यमाची स्वारी आली, रेड्याच्या जागी बैल हाय." रूपरावही हसायचे. एवढ्या मेलेल्यांच्या संगतीत त्यांना एक जिवंत, ऊन ऊन श्वास सोडणारा सोबती हवा होता, असं मला वाटतं.

माझा जन्म चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातला. नागपुरात चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. "एक तरी जित्या माणसाचं काढतो," रूपराव म्हणाले. पण बसणार कोण? मग ते स्वतःच बसले आणि चांद्याला शेजारी उभं केलं.

स्वतःला काढायचं तर आरसा हवा. घरात मोठा आरसा एकच, कोकिळाबाईंच्या आंदणात आलेल्या कपाटाचा. कोकिळाबाई रूपरावांची बायको; लेक नलू तेव्हा सहा वर्षांची होती. आरसा खोलून बैलांच्या कोठ्यात नेला. खांबाला टांगला तर चांद्या तो चाटायला धावे. शेवटी कोकिळाबाईंनी तो मागून दोन्ही हातांनी धरला आणि रोज सकाळी घटकाभर तशाच उभ्या राहू लागल्या. आरशाच्या कडेवर त्यांची बोटं तेवढी दिसायची.

"हालू नको वं," रूपराव ओरडायचे, "माही मान हालते."

"माह्या हाताले मुंग्या आल्या. तुमची मान आहे, मले का माहीत काऊन हालते."

"नाकावरची माशी हाकलली तू."

"मंग? चावू देऊ?"

माझ्या डोळ्यांत जी नजर आहे ना, लोक म्हणतात, पाहणाऱ्याच्या आरपार जाते, ती त्या आरशाकडे बघतानाची आहे. आणि आरशामागे ती होती. ती मात्र मागे असल्यामुळे आरशात काय दिसतंय ते तिनं कधीच पाहिलं नाही.

एके दिवशी आत दूध उतू गेल्याचा वास आला. कोकिळाबाई आरसा भिंतीला टेकवून धावल्या. रूपराव माझ्याकडे बघत होते, मग चांद्याकडे. एकदम हसले. "पाह्य रे चांद्या, आरशानं तुयं शिंग इकडचं तिकडं केलं. अन् माहा तीळ बी. जाऊ दे. जे दिसते ते काढतो मी."

हे फक्त चांद्यानं ऐकलं आणि मी. चांद्याचं तुटलेलं शिंग होतं डावं, रूपरावांचा तीळ होता डाव्या गालावर. आरसा बाजू फिरवतो, आणि रूपराव आरशात दिसलं तसं काढत गेले. माझ्यात तीळ उजव्या गालावर आला, तुटकं शिंग उजवं झालं. बाकी केस न् केस खरा. इतकं खरं चित्र आणि इतकं उलटं!

मला घेऊन रूपराव नागपूरला गेले. तिथे मला दाराजवळ, पंख्याखाली लावलं. येणारा जाणारा बैलाकडे बघून हसायचा. एक चष्मेवाले गृहस्थ मात्र बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "बैल बोलतो हो तुमचा." बक्षीस मिळालं नाही, पण ते वाक्य मनात घोळवत रूपराव मला काखेत घेऊन सेलूच्या स्टेशनावर उतरले. कोठ्यात आले. दावं तिथेच पडलेलं होतं, चांद्या नव्हता.

लक्ष्मणरावानं त्याला हिंगणघाटच्या बाजारात विकला होता.

लक्ष्मणराव वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगतो. दुष्काळाची झळ सरली नव्हती. कडबा कामाच्या जोडीला पुरत नव्हता. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "दादा, एकला बैल किती दिवस बसून खाईन? तुले सांगितलं असतं तं तू इकू देल्ला नसता. म्हणून तू गेल्यावर नेला."

"घेतला कोणं?"

"हैदराबादच्या रोडचा व्यापारी होता. तिकडेच घेऊन गेला असंन."

रूपराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला भिंतीला टेकवलं, तोंडावर पाणी मारलं आणि दुपट्टा उचलला.

"चांद्याले घेऊनच येतो," ते कोकिळाबाईंना म्हणाले.

"भाकर तं खाऊन जा."

"येऊनच खातो."

कोकिळाबाईंनी भाकर झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती गाईला घातली आणि नवी झाकली. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस झाकणं थांबलं, पण वाट पाहणं थांबलं नाही.

मला ओसरीवर लावलं, घड्याळाच्या बाजूला. हार नाही, टिळा नाही. गावातल्या इतर ओसऱ्यांवर टिळा लावलेल्या तसबिरी, बऱ्याचशा रूपरावांच्याच हातच्या. मी तेवढा उघड्या कपाळाचा. कोकिळाबाई रोज पदरानं माझी धूळ झटकत. कुणी नसलं की माझ्याशी भांडत. "बैलासाठी गेलते न? जिवाच्या आकांतानं गेलते. माह्यासाठी येता नाई येत?" हे त्या फार हळू म्हणत. मला ते लागायचं, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या नजरेत असेल तर असेल.

लक्ष्मणराव तीनदा शोधायला गेला. कुणी सांगे, पांढरकवड्याला बैलवाला वेडा दिसला. कुणी सांगे, वणीला. प्रत्येक वेळी भलताच माणूस निघे, आणि लक्ष्मणराव परत येऊन ओसरीवर बसे तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसे. लोक कोकिळाबाईंच्या कुंकवाकडे बघून कुजबुजत. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याचाही खल होई. एका बाईनं तोंडावर विचारलं, "कोणाच्या नावानं लावतं वं?" कोकिळाबाई म्हणाल्या, "ज्यानं जातानी पुसलं नाई, त्याच्या नावानं."

अशी वर्षं गेली आणि एक गोष्ट घडत गेली, जी मला दिसत होती आणि त्यांना कळत नव्हती. माणूस समोर नसला की त्याची आठवण चित्राच्या घरी राहायला जाते. कोकिळाबाई डोळे मिटून नवऱ्याला आठवत, तेव्हा त्यांना मीच दिसायचो. लक्ष्मणरावाला भाऊ आठवायचा तो माझ्यासारखा. नलूचं तर काय, तिचा बाप म्हणजे मीच. सगळ्यांच्या मनातला तीळ हळूहळू डाव्या गालावरून उजव्या गालावर आला. कुणालाही पत्ता लागला नाही.

एक्क्याऐंशी साली सेलूचे प्रभाकरराव घरी आले. किराण्याचे व्यापारी, मिरचीसाठी आदिलाबादकडे जाणं-येणं असे. ओसरीवर चहा घेता घेता म्हणाले, "लक्ष्मणराव, पैनगंगेच्या पल्याड एका गावात महादेवाच्या देवळाची भित रंगवून राह्यला होता एक जण. दाढी वाढलेली. बाजूले म्हातारा पांढरा बैल बांधून होता. मले एकदम तुमच्या भावाची याद आली."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. कोकिळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बैल कसा होता?" लक्ष्मणरावानं विचारलं.

"एक शिंग टुटकं. डावं."

"अन् माणसाच्या गालावर तीळ?"

"होता न. दाढीच्या वर, असा, डाव्या गालावर." प्रभाकररावांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं.

तिघंही माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी ओरडत होतो, खरं सांगतो, सगळा रंग पणाला लावून ओरडत होतो, अहो, मी आरशातला आहे, तोच आहे तो, जा, आत्ताच्या आत्ता जा! पण चित्राचं ओरडणं कुणाला ऐकू आलंय?

"यायचा तं उजव्या गालावर आहे," लक्ष्मणराव म्हणाला. "शिंग बी उजवं."

"मी डोयानं पाह्यलं, डावंच होतं. मंग दुसरा असंन कोणी," प्रभाकरराव ओशाळले.

लक्ष्मणराव तरी म्हणाला, "वहिनी, तरी जाऊन येऊ का? चित्र काढतानी चुकलं असंन."

तेव्हा कोकिळाबाईच म्हणाल्या, आणि मोठ्या मानानं म्हणाल्या, "यायचं चित्र चुकत नाई, भाऊजी. मेलेल्या माणसाचे वण चुकले नाई त्यायचे, स्वतःचा तीळ चुकते का? नका जाऊ. आणखी एकदा दुसराच माणूस पाहाले मले ताकद नाई राह्यली."

प्रभाकरराव गेले. रूपरावांची आई रुख्माबाई तेव्हा लेकीकडे हिंगणीला होती. ती परत आली तेव्हा तिला कुणी हे सांगितलंही नाही. उगाच म्हातारीच्या जिवाला घोर कशाला, असं ठरलं.

आणखी पाच वर्षं गेली. नलू उपवर झाली. पिपरी मेघेच्या बंडूजींच्या मुलासाठी बोलणं झालं. घर चांगलं, माणसं सरळ. बंडूजींनी हात जोडून एकच गोष्ट विचारली, "बाई, पोरीचा बाप आहे म्हणावं का नाई म्हणावं? पत्रिकेत काय छापावं? कन्यादानाले कोणं बसावं? तुम्ही म्हणान ते आमाले मान्य, पण एक काहीतरी म्हणा."

एक काहीतरी म्हणा! बारा वर्षं ज्या प्रश्नाला कोकिळाबाईंनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, तो पोरीच्या लग्नाचा हात धरून घरात शिरला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. नातेवाईक जमले, भटजींना विचारलं. पोळा झाला की पितृपक्षात विधी करायचा ठरला. विधी म्हणजे कोकिळाबाईंचं कुंकू पुसायचं, गळ्यातलं उतरवायचं, बांगड्या फोडायच्या. आणि मग मला हार घालायचा.

"पोरीसाठी करा," कोकिळाबाई म्हणाल्या. "पण मले इचारू नका की मी मानतो का."

मला भिंतीवरून उतरवलं. लक्ष्मणरावानं चौकटीच्या वरच्या कडेला हारासाठी एक नवा खिळा ठोकला. तो खिळा लाकडात गेला, पण मला डोक्यात गेल्यासारखा वाटला.

पोळ्याची आदली संध्याकाळ. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाला हळद-तूप लावायचं, जुवानं सोललेल्या खांद्यावरून फिरवायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लक्ष्मणरावानं पळसाची पानं जरा जास्तच आणली होती. अर्धी बैलांसाठी होती. उरलेली कशासाठी, ते कुणी बोललं नाही.

रुख्माबाईंनी मला कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या जन्माआधीच त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. दरवर्षी त्या भिंतीखाली उभ्या राहून चांद्याला नुसते हात जोडत. यंदा मी खाली, पाटावर होतो.

"नले, मले चांद्यापाशी ने," म्हातारी म्हणाली. "यंदा सारं करू दे. पुढच्या साली तुमी याले हार घालून उंच टांगसान."

नलूनं आजीचा हात धरून माझ्यासमोर बसवलं. म्हातारीनं पळसाचं पान माझ्यावरच्या बैलाच्या खांद्यावरून फिरवलं. तूप माझ्या रंगाला लागलं. नंतर तिची बोटं वर सरकली, मानेवरून, कानावरून, आणि शिंगाच्या टोकाशी थांबली.

"आजी, ते नाई," नलू म्हणाली. "ते साबूत आहे. टुटकं इकडचं."

"कोणतं इकडचं?"

"चांद्याचं उजवं."

म्हातारी हसली. "उजवं काऊन असंन वं? माह्या चांद्याचं डावं शिंग टुटलं. बंडीच्या चाकात अडकलं होतं. मी हातानं हळद भरली, माह्या लुगड्याची पट्टी बांधली. दरसाल त्या शिंगाले तूप मी लावत होतो. डोये गेले, हात नाई गेले माहे."

"पण चित्रात तं उजवं आहे, आजी."

"मंग चित्र चुकलं असंन."

आत कोकिळाबाई पुरणपोळीसाठी कणीक चाळत होत्या. त्या बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. "माय, काय म्हटलं तुम्ही?"

"डावं शिंग म्हटलं. काऊन?"

कोकिळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. ते हात हळूहळू वर आले आणि काहीतरी धरल्यासारखे हवेत थांबले. मला कळलं. त्यांना मुंग्या आठवल्या होत्या.

त्यांनी मला पाटावरून उचललं. आतल्या खोलीत नेलं, कपाटासमोर उभं केलं. आणि कपाटाच्या आरशात, बारा वर्षांत पहिल्यांदा, खरे रूपराव दिसले. तीळ डाव्या गालावर. शेजारी चांद्या, डावं शिंग तुटकं.

कोकिळाबाईंनी आरशावर हात ठेवला. पिठाचा पंजा उमटला. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच होते." आणि मग जी किंकाळी फुटली ती ऐकून लक्ष्मणराव कोठ्यातून धावत आला. "मीच नाई म्हटलं, भाऊजी! तुम्ही जातो म्हणत होते, मीच नाई म्हटलं! आरसा म्या धरला होता, या हातानं म्या धरला होता!"

लक्ष्मणरावानं आरशातल्या भावाकडे एकदा बघितलं आणि तो उद्याच्या एस.टी.ची वेळ विचारायला निघाला.

पोळ्याच्या दिवशी घरोघर पुरणपोळी आणि आमच्या घरातली तिघं एस.टी.त. कोकिळाबाई, लक्ष्मणराव आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मी. कोकिळाबाईंनी पिशवीत हातभर आरसा घेतला होता. हिंगणघाट, पांढरकवडा, पैनगंगेचा पूल. जिथे उतरत तिथे त्या मला उघडत, आरशात दाखवत आणि म्हणत, "असा होता. हा पाहू नका, हा आरशातला पाहा."

ते गाव सापडलं. महादेवाचं देऊळ छोटंसं. भिंतीवर रंगवलेला नंदी होता, पांढराशुभ्र, डावं शिंग तुटलेला. नंदीचं शिंग कुणी तुटकं काढतं का? लक्ष्मणरावानं भिंतीवर डोकं टेकलं.

देवळाचे गुरव रामाजी म्हणून होते. आरशात बघताच म्हणाले, "हा तं आमचा रूपाजी पेंटर!" त्यांनी सांगितलं ते असं. रूपरावांना चांद्या वाटेतच सापडला होता, पण व्यापाऱ्यानं टाकून दिलेला, पाय मोडलेला. पाय जुळला, पण वाकडा. "चालवत नेता येत नव्हता अन् सोडून जाता येत नव्हता. मी म्हटलं, घरी निरोप तं धाड. म्हणे, घेऊनच येतो म्हणून निंगालो, घेऊनच जाईन."

"असा कसा हा हट्टी माणूस," कोकिळाबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि रागावल्याही होत्या.

"या पार्वतीपायी तं आमचं भांडण झालं," रामाजी म्हणाले आणि नंदीच्या मागे बोट दाखवलं. तिथे पार्वती होती. दोन्ही हातांत आरसा. पण आरशाचं तोंड बाहेर, बघणाऱ्याकडे, आणि कडेवर तिची बोटं. "मी म्हटलं, लेका, पार्वती आरसा स्वतःकडे धरंन का लोकायकडे? म्हणे, मी असंच पाह्यलं."

कोकिळाबाईंनी भिंतीवरच्या त्या बोटांवर आपली बोटं ठेवली. बारा वर्षं त्या मला जो प्रश्न विचारत होत्या, तो त्यांनी त्यानंतर कधी विचारला नाही.

"अन् आता कुठे आहेत?" लक्ष्मणरावानं विचारलं.

रामाजींचा चेहरा उतरला. "म्हणजे? पोचला नाई का? बैल मेला त्याले दोन वर्सं झाले. नाल्याच्या काठाले यानंच गाडला. मंग म्हणे, आता रिकाम्या हातानं कसा जाऊ? मी म्हटलं, बायको का बैलाची वाट पाहून राह्यली? दुसऱ्या दिवशी सकाळी निंगाला. पांढरकवड्याची वाट धरली. घरीच जातो म्हणे."

घरीच जातो म्हणे. आणि घरी कुणी आलं नाही.

आता मी परत ओसरीवर आहे. चौकटीचा खिळा लक्ष्मणरावानं पक्कडीनं उपटला, तिथे भोक राहिलंय. पळसाची जास्तीची पानं वाळून गेली आणि चुलीत गेली. पुतळा झाला नाही. बंडूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रिकेत 'श्री' छापा. आला तर बरं, नाई आला तर तो वाटेत आहे असं समजू." लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. आणि कोकिळाबाईंनी कपाटाचा आरसा पुन्हा खोलून माझ्या समोरच्या भिंतीला लावलाय. येणाऱ्या जाणाऱ्याला त्या मला दाखवत नाहीत, आरसा दाखवतात. त्या आरशात मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं, सुलटं.

मी हारापासून वाचलो, पण मला आनंद नाही. पाच वर्षांपूर्वी गेलो असतो तर भेट झाली असती, हे या घरात कुणी कुणाला म्हणत नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. पैनगंगेपासून वर्धेपर्यंतच्या वाटेवर, एखाद्या धर्मशाळेत, देवळाच्या ओट्यावर, दवाखान्याच्या पायरीवर असा माणूस दिसला तर नीट बघा. बैल आता सोबत नसेल. तीळ डाव्या गालावर. डाव्या. त्याला म्हणावं, चांद्याचा हिशेब कुणी मागत नाही. भाकर पुन्हा झाकून ठेवायला लागलेत.

आणि हे वाचणारे तुम्हीच असाल, रूपराव, तर आपल्याकडे बैलाला जे म्हणतात तेच मी तुम्हाला म्हणतो, त्याहून मानाचं बोलावणं या घरात नाही: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.